आकृतींची नोंदवही: 'गेम ऑफ लाइफ'च्या सूचीविषयी



कोणत्याही कलेची सूची करणाऱ्याला सर्वांत आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड असतो: समोर आलेली कृती नवी आहे, की पूर्वी नोंदलेलीच वेगळ्या वेषात परत आली आहे? पोथ्यांच्या बाबतीत पाठभेद आड येतात, चित्रांच्या बाबतीत प्रतिकृती, बंदिशींच्या बाबतीत घराण्याघराण्यांतील फेरफार. आणि हा वाद मिटवायला शेवटी एखाद्या जाणकाराचा शब्द मानावा लागतो. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली सूची एका अशा कलाप्रकाराची आहे की जिथे हा वाद आकडेमोडीने कायमचा मिटवता आला. विचार करण्याजोगी गोष्ट त्यापुढची आहे. तो वाद मिटल्यानंतरही सूचिकाराचे बहुतेक काम जसेच्या तसे शिल्लक राहिले.

हा कलाप्रकार म्हणजे केंब्रिजचे गणितज्ञ जॉन हॉर्टन कॉन्वे यांनी रचलेला 'गेम ऑफ लाइफ'. मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्याची ओळख करून दिली आणि तो जगभर पोहोचला. त्याला खेळ म्हणतात खरे, परंतु त्यात खेळाडू नाही आणि हारजीतही नाही. चौकटींच्या अमर्याद कागदावर प्रत्येक घर एकतर जिवंत असते किंवा मृत, आणि प्रत्येक घराला आडवे, उभे व तिरके मिळून आठ शेजारी असतात. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते पुढच्या पिढीत टिकते. मृत घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर तिथे नवा जन्म होतो. उरलेल्या सर्व घरांत मृत्यू किंवा शांतता. नियम एवढाच. तो ठरल्यावर माणसाच्या हाती फक्त एक गोष्ट उरते, ती म्हणजे पहिली पिढी कशी मांडायची.

मग याला कला का म्हणावे? बुद्धिबळातील कूटरचना जशी खेळाच्या नियमांत राहून केलेली, पण खेळापासून वेगळी अशी रचना असते, तशीच येथील प्रत्येक आकृती ही एक रचना आहे; तिला कर्ता असतो, शैली असते, काटकसर असते आणि जाणकारांकडून मिळणारी दादही असते. काही आकृती सापडतात, काही घडवल्या जातात, आणि सापडणे व घडवणे यांच्यामधली रेघ इथे इतकी पुसट आहे की शोधकर्ता म्हणावे की रचनाकार, यावर एकमत होणे कठीण. सूचीत दोघांसाठी रकाना मात्र एकच असतो.

प्रारंभीची सूची नावांची होती. जी आकृती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते तिला स्थिर आकृती म्हणावे. चार जिवंत घरांचा चौरस हा 'ब्लॉक', सहा घरांचे षट्कोनी कडे हे 'बीहाइव्ह', सात घरांचा 'लोफ', पाच घरांची 'बोट'. जी आकृती ठरावीक पिढ्यांनंतर मूळ रूपात परतते ती आंदोलक. तीन घरांची सरळ रेघ उभी-आडवी होत राहते, तो 'ब्लिंकर'. आणि जी मूळ रूपात परतताना जागाही बदलते ती प्रवासी आकृती. पाच घरांचा 'ग्लायडर' दर चार पिढ्यांत एक घर तिरका सरकतो, आणि तो प्रथम रिचर्ड गाय यांच्या नजरेस पडला. कोणतीही आकृती अमर्याद वाढू शकणार नाही असा कॉन्वे यांचा अंदाज होता आणि त्यावर त्यांनी ५० डॉलरचे बक्षीस लावले होते. १९७० च्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील बिल गॉस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी 'तोफ' शोधून ते बक्षीस मिळवले. १९७१ ते १९७३ या काळात रॉबर्ट वेनराइट यांनी 'लाइफलाइन' नावाचे वार्तापत्र चालवले. पुढे स्टीफन सिल्व्हर यांनी 'लाइफ लेक्सिकन' हा शब्दकोशच तयार केला, आणि बरीचशी नावे त्यातूनच पक्की झाली.

परंतु नावांची सूची दोन ठिकाणी अडते. एकच आकार दोन नावांनी वावरतो: ज्या पाच घरांच्या आकाराला कॉन्वे 'आर-पेंटोमिनो' म्हणत, त्यालाच पेंटोमिनोंच्या अभ्यासात सॉलोमन गोलोम्ब यांच्यापासून 'एफ' हे अक्षर मिळालेले होते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. चार घरांच्या स्थिर आकृती दोनच, पाच घरांची एकच, सहांच्या पाच, सातांच्या चार. तोवर नावे पुरतात. मात्र दहा घरांच्या २५, बारा घरांच्या १२१ आणि चौदा घरांच्या ६१९ झाल्यावर कोण कोणाला काय म्हणणार? पाव, होडी, तळे, टब हा संसार कधीतरी संपतोच.

येथे ॲडम गाउचर यांचे काम सुरू होते. त्यांनी २०१५ मध्ये 'कॅटागोल्यू' नावाची संगणकीय नोंदवही उघडली, आणि तिच्यातील प्रत्येक आकृतीचा संकेत त्या आकृतीतूनच काढला जातो. ही रीत जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. संकेताचा पहिला भाग वर्ग सांगतो: 'एक्सएस' म्हणजे स्थिर आकृती आणि त्यापुढे जिवंत घरांची संख्या, 'एक्सपी' म्हणजे आंदोलक आणि पुढे त्याचा आवर्तनकाल, म्हणजे किती पिढ्यांनी तो मूळ रूपात येतो तो आकडा, 'एक्सक्यू' म्हणजे प्रवासी आकृती आणि तिचा आवर्तनकाल. दुसरा भाग प्रत्यक्ष आकृती. तिचे पाच-पाच ओळींचे आडवे पट्टे पाडायचे, पट्ट्यातील प्रत्येक स्तंभात वरून खाली १, २, ४, ८, १६ अशी किंमत द्यायची आणि जिवंत घरांच्या किमतींची बेरीज करायची. ती ० ते ३१ यांपैकी काहीतरी येते आणि दहा अंक व बावीस रोमन अक्षरे मिळून एकेका चिन्हाने लिहिता येते. ब्लॉकचे दोन स्तंभ, प्रत्येकात १ अधिक २, म्हणून ३३. पूर्ण संकेत एक्सएस४_३३. बीहाइव्ह ६९६. ग्लायडर १५३. मोठ्या आकृतीतील ओळीने येणारी शून्ये आखडून लिहिण्याची सोयही त्यात आहे. मूळ लेखनपद्धती ॲलन वेक्स्लर यांची. गाउचर यांनी ती वाढवली.

आता खरी गोम. आकृती फिरवली तर? आरशात उलटली तर? ब्लिंकर आडवा असताना त्याचे तीन स्तंभ होतात आणि संकेत येतो १११. तोच उभा असताना एकच स्तंभ, १ अधिक २ अधिक ४, म्हणून ७. दोन्ही वाचने बरोबर, पण नोंदवहीत दोन नोंदी होऊन कसे चालेल? त्यासाठी नियम असा की, आकृतीच्या आठही दिशा आणि आवर्तनातील सर्व अवस्था लिहून काढायच्या, त्यांतील सर्वांत आखूड लेखन घ्यायचे आणि बरोबरी झाली तर शब्दकोशाच्या क्रमात आधी येणारे घ्यायचे. ब्लिंकर म्हणून एक्सपी२_७. चार अवस्थांच्या ग्लायडरची जास्तीत जास्त ३२ वाचने तपासली की एकच उरते. त्यानंतर कोणत्याही देशातील कोणीही, कोणालाही न विचारता, त्याच आकृतीसाठी तोच संकेत काढील. मोझार्टच्या रचनांना १८६२ मध्ये लुडविग फॉन क्योखेल यांनी दिलेले क्रमांक कालानुक्रमाचे होते, आणि काळाविषयीची माहिती बदलली की क्रमांकही डळमळत; शिवाय त्या क्रमांकावरून सूर कळत नाहीत. येथे क्रमांक वाचला की कृतीच हाती येते.

भारतीय श्रोत्याला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. कर्नाटक संगीतातील मेळकर्ता पद्धतीत कटपयादी संकेतानुसार मेळाच्या नावाची पहिली दोन अक्षरे त्याचा क्रमांक सांगतात: 'धीरशंकराभरण' यात ध म्हणजे ९ आणि र म्हणजे २, उलट वाचून २९ वा मेळ, आणि क्रमांकावरून स्वर निघतात. व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात गणिताने शक्य असलेले ७२ मेळ मांडले, पण त्यांपैकी प्रचारात असलेले म्हणून त्यांनी जे वर्णिले ते १९. आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी दक्षिणेतील ही पद्धती अभ्यासून हिंदुस्थानी रागांसाठी थाट निवडले ते अवघे दहा. कोणाचे बरोबर? शक्यतांची यादी करणाऱ्याचे, की गाणाऱ्यांचे ऐकून निवड करणाऱ्याचे? हा प्रश्न सोडवायचा नसून लक्षात ठेवायचा आहे, कारण लाइफच्या सूचीलाही तो जागोजागी अडवतो.

पहिली अडवणूक 'एक आकृती' म्हणजे काय, येथेच होते. दोन ब्लॉक मधे एक स्तंभ रिकामा ठेवून शेजारी ठेवले तर जोडी स्थिर राहते; ती एक आकृती की दोन? प्रत्येक ब्लॉक एकटाही स्थिरच राहिला असता, म्हणून सूची त्यांना दोन मानते, आणि अशा जोडीला आभासी स्थिर आकृती म्हणतात. ज्या आकृतीचे भाग परस्परांच्या आधाराशिवाय उभे राहू शकत नाहीत तीच काटेकोर अर्थाने एक. व्याख्या स्वच्छ वाटते. पण नंतर असेही नमुने सापडले की जे दोन स्वतंत्र भागांत तुटत नाहीत पण तीन भागांत तुटतात, आणि काही तर केवळ चारच भागांत. पाचांची गरज कधीच पडणार नाही, कारण तिथे नकाशा रंगवण्याचा प्रसिद्ध चार रंगांचा सिद्धांत आड येतो. सूचिकाराच्या टेबलावर एवढा मोठा सिद्धांत अवचित येऊन बसावा, यातील गंमत जाणकारांनाच कळेल असे नाही.

याउलट एक उदाहरण. चार ब्लिंकर एकाच मूळ आकारातून एकत्र जन्मून चौफेर बसतात. लाइफ पाहणारा प्रत्येक माणूस त्या रचनेला ओळखतो आणि 'ट्रॅफिक लाइट' म्हणतो. सूचीचा गणक तिथे काय नोंदवतो? ब्लिंकर, चार नग. डोळ्याला जी एक रचना दिसते तिचा संकेतात मागमूस नाही. ती टिकली आहे ती जुन्या नावांच्या कोशात. म्हणजे नवी सूची आल्यावर जुनी निकालात निघाली, असे म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा उगमाचा. नोंदवहीतील बहुसंख्य आकृती कोणी हाताने मांडलेल्या नाहीत. १६ गुणिले १६ घरांचा यदृच्छ पट भरायचा, तो शांत होईपर्यंत चालवायचा आणि मागे काय उरले ते मोजायचे, अशी शिरगणती स्वयंसेवकांच्या संगणकांवर अखंड चालू असते. त्यात प्रामाणिकपणाची हमी कोण देणार? येथे केलेली योजना कोणत्याही वस्तुसंग्रहालयाला हेवा वाटावा अशी आहे. प्रत्येक पट एका लहानशा मजकुरातून, म्हणजे बीजातून, निर्माण होतो. एसएचए-२५६ ही गणनपद्धती कोणत्याही मजकुराचे २५६ शून्य-एक चिन्हांत रूपांतर करते, आणि १६ गुणिले १६ बरोबर २५६. बीज जपले की पट जपला, पट जपला की त्यातून निघालेली प्रत्येक आकृती पुन्हा काढून दाखवता येते. वस्तू कुठून आली हे सांगणारा दाखला इथे वाचायचा नसतो, चालवून पाहायचा असतो.

या शिरगणतीतून दुर्मिळतेची एक मोजपट्टी हाती आली. अपेक्षेप्रमाणे ब्लॉक, ब्लिंकर आणि बीहाइव्ह यांनीच बहुतांश जागा व्यापली. अपेक्षेबाहेरची गोष्ट 'पल्सार'ची: तीन पिढ्यांच्या आवर्तनाचा हा आंदोलक सर्वांत लहान अवस्थेतही ४८ घरांचा आहे, पण यदृच्छ पटांतून तो वरचेवर निघतो, तर चौदा घरांच्या ६१९ स्थिर आकृतींपैकी बहुसंख्य त्याच्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहेत. आकार लहान म्हणून सुलभ, मोठा म्हणून दुष्कर, ही समजूत येथे गळून पडते. पण दुर्मीळ म्हणजे मोलाचे काय? यदृच्छ पटातून एकदाच निघालेली एखादी वेडीवाकडी स्थिर आकृती आकडेवारीत अमूल्य दिसते, आणि तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे असे कोणालाही वाटत नाही. प्रवासी आकृतींत सर्वांत सामान्य असा ग्लायडर मात्र या साऱ्या कलेचा कणा आहे. दुर्मिळतेचा रकाना उपयुक्त आहे. त्यावर रसिकतेचा भार टाकू नये.

मोलाचे आणखी एक माप जुन्या मंडळींनी शोधले होते आणि ते अधिक मानी होते: ग्लायडर एकमेकांवर आदळून ही आकृती घडवायची तर किती ग्लायडर लागतात? ब्लॉक दोन ग्लायडरांत होतो. मार्क नीमिक यांनी अशा बांधणीच्या कृतींचा मोठा संग्रह वर्षानुवर्षे केला, आणि एखाद्या आकृतीची किंमत बारांवरून अकरांवर आणणे हा खरा कारागिरीचा पराक्रम मानला जाई. मग अलीकडच्या काळात असे सिद्ध झाले की ग्लायडरांनी मुळात घडवता येण्याजोगी कोणतीही आकृती, कितीही प्रचंड असली तरी, १५ ग्लायडरांत घडवता येते. हे कसे शक्य आहे? ग्लायडर मोजके, पण त्यांतील अंतरे अफाट. घडवायच्या आकृतीची सगळी माहिती त्या अंतराच्या आकड्यात भरलेली असते, आणि एक यंत्रणा तो आकडा हळूहळू उलगडत बांधकाम करत जाते. म्हणजे गुंतागुंत कमी झाली नाही; ती मोजल्या जाणाऱ्या रकान्यातून न मोजल्या जाणाऱ्या रकान्यात सरकली. अक्षरशः पाहता, १५ हून मोठा प्रत्येक आकडा आता खोटा ठरला होता. जाणकारांनी काय केले? त्यांनी जुने आकडे ठेवले, कारण जवळून केलेल्या नेटक्या बांधणीचा हिशेब आणि ही दूरची करामत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना ठाऊक होते. माप तर्काने कोलमडले तरी व्यवहाराने टिकले, आणि हा निर्णय रास्तच म्हणावा लागतो.

संकेताची हद्द दोन टोकांना संपते. एका टोकाला प्रचंड कृती. २०१० मध्ये अँड्र्यू वेड यांनी 'जेमिनी' रचली: ती स्वतःची प्रत पुढे बांधते, मागची प्रत मोडते आणि अशा रीतीने ३,३६,९९,५८६ पिढ्यांत एका दिशेला ५१२० व दुसऱ्या दिशेला १०२४ घरे सरकते. तिला संकेत देण्यात काय अर्थ? ठरावीक मापाबाहेरच्या आकृतींना नोंदवहीत आकाराऐवजी केवळ 'मापाबाहेर' असे चिन्ह मिळते, आणि तो कबुलीजबाब योग्यच आहे. अशा कृतीची नोंद शब्दांनीच करावी लागते: कोणते भाग, कोणाकडून उचललेले, माहिती साठवली कुठे, वाचली कशी. वास्तुकलेचा अभ्यासक एखाद्या मंदिराचे जसे वर्णन करतो तसेच ते होते. तिथे जाणकाराचा शब्द पुन्हा लागतोच.

दुसऱ्या टोकाला अनिश्चितता. लाइफमध्ये संगणक उभारता येतो, हे बर्लेकँप, कॉन्वे आणि गाय यांच्या १९८२ मधील 'विनिंग वेज' या ग्रंथात मांडले गेले. त्याचा एक परिणाम असा की दिलेली आकृती शेवटी शांत होईल की नाही हे प्रत्येक वेळी सांगू शकणारी रीत असूच शकत नाही. पाच घरांचा तो आर-पेंटोमिनो पाहा: ११०३ पिढ्या धुमाकूळ घालून तो ११६ घरांवर थांबतो, त्यांत पळून गेलेले सहा ग्लायडरही आले, हे केवळ चालवून पाहिले म्हणून कळले. ज्यांचा निकाल लागत नाही अशा आकृतींसाठी नोंदवहीत स्वतंत्र खण आहेत, त्यांपैकी एकावर 'विकृत' अशा अर्थाची पाटी आहे. आपल्या अपयशाला खण देणारी सूची विरळाच.

आणि रिकामे खण? आंदोलकांच्या आवर्तनकालाचा तक्ता वर्षानुवर्षे भोके पडलेला होता. डेव्हिड बकिंगहॅम यांच्या १९९६ पर्यंतच्या कामातून ६१ आणि त्यापुढील सर्व आवर्तनकाल साधले गेले. २०१३ मध्ये माइक प्लेल यांनी शोधलेल्या, ग्लायडरला काटकोनात वळवणाऱ्या 'स्नार्क'मुळे ती मर्यादा ४३ वर आली. त्याखालचे एकेक भोक वेगवेगळ्या हातांनी बुजत गेले, आणि शेवटी उरलेले १९ व ४१ हे दोन खण २०२३ मध्ये भरले. हे दोन आंदोलक शोधण्याची तळमळ निर्माण झाली ती आकृतींच्या सौंदर्यामुळे नव्हे, तर तक्त्यात त्यांची जागा कोरी दिसत होती म्हणून. सूची ही कृतींच्या मागून येते असे मानले जाते. या दोन कृती सूचीच्या मागून आल्या. तक्ता पूर्ण झाल्यावर शोधकर्ते थांबलेले नाहीत. प्रत्येक आवर्तनकालाचा सर्वांत लहान आंदोलक कोणता, हा रकाना अजून बदलतो आहे.